शाकारणी

पायातला मोजा ओला लागला म्हणून खाली हात घातला, तर कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं. एप्रिल महिना, रात्रभर पाऊस पडून गेलेला, न्यू जर्सीतल्या आमच्या घरासमोरच्या उतारावर गाडी नाक खाली करून उभी. छप्पर बंद होतं. काचा वर होत्या. डोक्यावरचं कापड आतून चाचपलं, ते कोरडं. समोरच्या काचेच्या कडेने बोट फिरवलं, तेही कोरडं. मग पायाशी हे तळं आलं कुठून?

देवरुखजवळच्या आमच्या घरात हा प्रश्न दर जूनला पडायचा आणि नानाकाका त्याचं उत्तर एका वाक्यात द्यायचे, "गळतं तिथे भोक नसतं." छपरावरच्या नळ्यांच्या, म्हणजे गोल कौलांच्या, फटीतून पाणी आत येतं, वाशावर उतरतं, वाशाच्या अंगाने चार हात चालत जातं आणि एखादी गाठ किंवा खिळा आडवा आला की तिथे टपकायला लागतं. टपकतंय तिथे तपेलं ठेवायचं. भोक मात्र शोधायचं वर, आढ्याकडे. हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत होतं. तरी त्या सकाळी मी दीड तास पुढच्याच काचेचं रबर तपासत बसले होते.

गाडी १९९६ सालची माझ्दा मियाटा. दोन सीटची, कापडी छपराची, हाताने गिअर बदलायची. घेतली तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते आणि गाडी एक लाख बारा हजार मैल चाललेली होती. का घेतली, याचं धड उत्तर माझ्याजवळ नाही. लेक कॉलेजला गेली, तिची गाडी तिच्याबरोबर गेली आणि दारात एक जागा रिकामी झाली, एवढं खरं. पुरुषाने या वयात असली गाडी घेतली तर लोक हसून 'मिडलाइफ क्रायसिस' म्हणतात आणि सोडून देतात. बाईने घेतली तर काय म्हणायचं ते ठरलेलं नसल्यामुळे मंडळाच्या गणपतीत सगळे नवऱ्याकडे बघतात. तो बिचारा "मला नका विचारू" म्हणून प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मला थेट विचारले जाणारे प्रश्न दोनच. मायलेज किती देते? आणि, पाऊस आला की काय करता?

विकणारे गृहस्थ डेलावेअर नदीच्या पलीकडचे, पेनसिल्व्हेनियातले, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. चार हजार आठशे डॉलरला सौदा झाला. किल्ल्यांबरोबर त्यांनी बुटांचा एक खोका दिला, त्यात १९९६ पासूनची प्रत्येक पावती. ऑइल कधी बदललं, ब्रेक पॅड कधी घातले, टायमिंग बेल्ट कितव्या मैलाला. गाडी सुरू करून मी निघाले तेव्हा ते खिडकीशी वाकले आणि म्हणाले, ड्रेन साफ ठेव. मी मान डोलावली. मला वाटलं, घराबद्दल काहीतरी सांगतायत. अमेरिकेत निवृत्त माणसं गटारांबद्दल, गवताबद्दल बरंच बोलतात.

वर्षभराने पाय भिजले तेव्हा कळलं, गाडीलाही ड्रेन असतात.

त्यासाठी हे छप्पर कसं असतं ते सांगायला हवं. समोरच्या काचेच्या वर दोन खटके. ते सोडायचे, मागची प्लॅस्टिकची खिडकी चेन उघडून खाली आडवी निजवायची आणि बसल्या जागेवरून एका हाताने अख्खं छप्पर मागे ढकलून द्यायचं. मोटर नाही, बटण नाही. सवय झाली की सिग्नल सुटायच्या आत होतं. खिडकी निजवायला विसरलात, तर मात्र प्लॅस्टिकवर घडी पडते ती कायमची. आणि थंडीत तर हा उद्योग करायचाच नाही, कडक झालेलं प्लॅस्टिक तडकतं. आता हे कापड मागे जिथे पत्र्याला मिळतं, तिथे आतल्या बाजूने एक प्लॅस्टिकची पट्टी फिरवलेली असते. तिला म्हणतात रेन रेल. छपरावरून ओघळलेलं पाणी बाहेर फेकलं जात नाही, ते या पट्टीत उतरतं, दोन्ही कोपऱ्यांकडे जातं आणि सीटबेल्टच्या खांबामागे असलेल्या एकेका भोकातून, नळीतून, मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडतं. थोडक्यात, पन्हळ. आमच्या घराला पुढच्या पडवीवर होती तशीच, फक्त ती पत्र्याची होती आणि तिच्याखाली हंडा असायचा.

म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी पाणी येणार हे धरूनच ठेवलेलं होतं. हे मला फार आवडलं. या गाडीच्या जन्माची कथाही काहीशी अशीच आहे. लहान, उघड्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कार हा मुळात इंग्रजांचा प्रांत. त्या दिसायला देखण्या आणि तेल, पाणी, वीज यांपैकी काहीतरी कायम गळणाऱ्या. १९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं, की तशी गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, पण तरीही दहा वर्षं गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी लोकांसमोर आली. तिचे मुख्य अभियंता तोशिहिको हिराई यांनी एक जपानी शब्द धरून काम केलं होतं, जिन्बा इत्ताई. घोडा आणि स्वार एकजीव. त्यासाठी वजन साधारण एक टनावर रोखलं, बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं, इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवलं, बॅटरी उचलून डिकीत नेऊन ठेवली. २०१६ च्या एप्रिलमध्ये हिरोशिमात दहा लाखावी तयार झाली. माझी त्यातली कितवी, हे मी कधी शोधलं नाही.

तर ड्रेन. सीटमागचं कार्पेट उचललं, कोपऱ्यात टॉर्च मारला. भोक दिसेना. भोकाच्या जागी काळी, घट्ट, कुजलेली पेंड होती. आमच्या दारात ओकचं झाड आहे. त्याचा फुलोरा दर वसंतात गळतो, पिवळट दोरे असतात नुसते, ते छपराच्या सांध्यात जाऊन बसतात. वरून पाइनच्या सुया. वर्षानुवर्षांची धूळ. सगळं मिळून झालेलं बूच. पाणी पट्टीतून कोपऱ्यात यायचं, बाहेर जायला वाट नाही म्हणून आत सांडायचं, सीटखालून उताराने पुढे जायचं आणि माझ्या पायाशी येऊन थांबायचं. सहा हात चालून. नानाकाकांचा चार हातांचा हिशेबही मागे पडला.

हे असंच राहू दिलं तर काय होतं, ते मी नंतर वाचलं आणि पोटात गोळा आला. कार्पेट वाळवता येतं. पण पाणी दाराखालच्या पत्र्याच्या पोकळीत साठून राहिलं तर गाडी आतून गंजते. बाहेरून रंग चकचकीत, आणि एक दिवस मागच्या चाकापुढे रंगाला फोड येतो, तो बोटाने दाबला की बोट आत जातं. या पिढीच्या मियाटा इंजिनाने मरत नाहीत, तिथे मरतात. त्यात आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. म्हणून माझी गाडी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर गॅरेजमध्ये जाते ती मार्चमध्ये दोन चांगले पाऊस रस्ता धुऊन गेले की बाहेर येते.

ड्रेन साफ करायला तार घालू नका, नळी फाटेल, असं सगळे जाणते सांगतात. कोणी गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी वापरतो, कोणी बंदुकीची नळी साफ करायचा ब्रश. मी गॅरेजमध्ये इकडेतिकडे बघत होते आणि कोपऱ्यात खराटा दिसला. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेला, माडाच्या हिरांचा. एक हीर ओढून काढला. कडक, तरी वाकणारा, टोकाला निमुळता, हातभर लांब. भोकात घातला आणि हलकेच फिरवला. कुठेतरी खाली फुस्स झालं आणि कोमट चहाच्या रंगाचं पाणी ड्राइव्हवेवर भळाभळा ओतलं. कित्येक महिन्यांत मला इतका आनंद झाला नव्हता. नवरा खिडकीतून बघत होता. त्याला वाटलं, गाडी फुटली.

मग शाकारणीच डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे ती एप्रिलच्या शेवटी व्हायची, वैशाखाच्या उन्हात, आंबे उतरायच्या गडबडीत वेळ काढून. वर्षभरात वानरांनी नळे फोडलेले असायचे, फणसाचा पाला वळचणीत कुजलेला असायचा, उंदरांनी कुठेतरी घर केलेलं असायचं. दोन गडी आणि नानाकाका वर चढायचे. एकेक ओळ उतरवायची, झाडायची, फुटका नळा बाजूला काढायचा, रीप पिचली असेल तर बदलायची आणि परत लावायचं. खाली आई गड्यांसाठी भाकऱ्या बडवत असायची. माझं काम माळ्यावर. अंगाने बारीक म्हणून मला वर चढवायचे. अंधार, धूळ, गेल्या वर्षीच्या सुपाऱ्यांचा वास, आणि डोक्यावर काळ्या आभाळात तारे असावेत तसे उजेडाचे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे भोक. मी ओरडायचे, "उजेड!" वरून काका विचारायचे, "कुठे?" मग मी हातातला हीर त्या ठिपक्यातून बाहेर काढायचे. वरून त्याचं टोक दिसलं की काका म्हणायचे, "दिसला. पुढचा." असे शंभर-दीडशे ठिपके. जूनमध्ये पाऊस असा काही कोसळायचा (रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो) की तरीही तीन-चार तपेली लागायचीच.

१९९८ साली भावाने घरावर स्लॅब टाकला. गळायचं थांबलं नाही, पण आता भोक शोधायला वर कोणी चढत नाही. इंजिनिअर बोलवतात.

गाडीची दुरुस्ती मी हळूहळू शिकले, तेही सगळी नाही. तेल, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग हे करते. टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात हलवणाऱ्या पट्ट्याला, हात लावला नाही. तो ६०,००० मैलांनी बदलायचा असतो, आणि पुढचं सगळं उघडलेलंच असतं म्हणून पाण्याचा पंप त्याचबरोबर. हे काम मी गॅरेजवाल्याला दिलं आणि तो करताना शेजारी स्टूल टाकून बसले. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी जागच्या जागी बंद पडते, इतकंच. हेही मला कुणाचा तरी समजूतदारपणा वाटला. थंड इंजिन सुरू केलं की वरून टिकटिक येते, आईच्या जुन्या शिवणयंत्रासारखी. पहिल्यांदा ऐकून मी घाबरले होते. व्हॉल्व्हच्या वर तेलाने फुगणारे छोटे लिफ्टर असतात, त्यांच्यात तेल भरेपर्यंत ते वाजतात. दोन मिनिटांत गप्प होतात. एखाद्या दिवशी होत नाहीत, तेव्हा समजायचं की तेल बदलायला झालंय.

एकदा मात्र फजिती झाली. डेलावेअरच्या काठाने रूट २९ जातो, लॅम्बर्टव्हिलहून फ्रेंचटाउनला. एका हाताला नदी आणि जुना कालवा, दुसऱ्या हाताला डोंगर. ऑक्टोबरचा रविवार, छप्पर उघडं, मी एकटी. फ्रेंचटाउनच्या अलीकडे क्लच दाबला तो सरळ खाली गेला आणि वर आलाच नाही. पायाखाली जणू फळीच नव्हती. गिअरबॉक्सला लागून क्लचचा एक छोटा सिलिंडर असतो, त्याचं रबर गेलं की तेल गळतं आणि पॅडल मेलं. हे मी वाचलेलं होतं, आणि असं झाल्यावर घरी कसं यायचं तेही वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं. बंद गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि किल्ली फिरवायची. स्टार्टरच गाडीला ढकलतो, ती दोन गचके देते आणि चालू पडते. पुढे क्लचशिवाय, इंजिनाचा आवाज ऐकत, वेग आणि फेरे जुळले की गिअर अलगद सरकवायचा. जुळले नाहीत तर गाडी किंचाळते. चाळीस मैल मी तशी आले. प्रत्येक तांबडा सिग्नल लांबून दिसला की देवाचं नाव घ्यायचे आणि वेग कमी करत करत तो हिरवा व्हायची वाट बघायचे. दोन ठिकाणी थांबावं लागलंच. मागच्या माणसाने एकदाही हॉर्न वाजवला नाही. उघड्या गाडीतली घामाघूम बाई बघून दया आली असावी. तो सिलिंडर तीस डॉलरच्या आत मिळाला. दोन बोल्ट. जमिनीवर पडून, तोंडावर ब्रेक-ऑइलचे दोन थेंब झेलून, तो मीच बसवला.

जिन्बा इत्ताईचा अर्थ मला त्या चाळीस मैलांत कळला, असं म्हणायचा मोह होतो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला फक्त बाथरूमला जायचं होतं.

उघड्या गाडीबद्दल लोक वारा वारा म्हणतात. वाऱ्याचं काही नाही, तो चाळीसच्या पुढे नुसता त्रास देतो आणि केसांचा झाडू करतो. मला हवासा असतो तो वास. बंद गाडीत सगळे रस्ते एकाच वासाचे असतात, एसीच्या. या गाडीत कापलेलं गवत कळतं, नदी जवळ आली की गारवा आधी नाकाला कळतो, कुणाच्या अंगणात कांदा भाजतोय ते कळतं, आणि स्कंक मेलेला असेल तर अर्धा मैल सुटका नाही. लहानपणी देवरुखहून संगमेश्वरला वडापच्या जीपने जायचो. तिला मागे ताडपत्रीचा हूड. पावसात बाजूचे पडदे सोडायचे, त्यांची बटणं निम्मी गेलेली, त्यामुळे कडेला बसलेल्याचा एक खांदा भिजायचाच. पण घाटात पडदा उडाला की ओल्या मातीचा, भाताच्या खाचरांचा, डिझेलचा असा मिळून एक वास यायचा. 'हूड' हा शब्द मी तिथे शिकले, म्हणून अमेरिकेत मेकॅनिकने "हूड उघड" म्हटल्यावर मी छपराचे खटके सोडले होते. इथे बॉनेटला हूड म्हणतात.

सोय म्हणाल तर काही नाही. डिकीत बॅटरी आणि स्टेपनी, उरलेल्या जागेत किराण्याच्या दोन पिशव्या. वीस पौंडांची तांदळाची गोणी शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवावी लागते. आणि दर वर्षी काही ना काही निघतं. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची पिवळट-तपकिरी झाली की ती तडकायच्या बेतात असते. गेल्या वर्षी ती बदलली. यंदा छपराची पाळी आहे. कापड घडीच्या रेषेवर पातळ झालंय. नवं छप्पर मी दोन वर्षांपूर्वीच मागवून ठेवलं आहे, काचेच्या खिडकीचं. खोका तळघरात आहे. जपानमध्ये माझ्दाने स्वतः या जुन्या गाड्या दुरुस्त करून द्यायचं काम २०१७ मध्ये जाहीर केलं, तेव्हा पुन्हा बनवायला घेतलेल्या भागांमध्ये हे कापडी छप्परही होतं, असं वाचून मला आपल्या खोक्याचा जरा अभिमानही वाटला होता. तरी तो उघडलेला नाही.

गेल्या मेमध्ये आई आली. शहात्तर वर्षांची. विमानतळावरून नवऱ्याच्या मोठ्या गाडीतून घरी आली, दारातली माझी गाडी बघितली, एकदा तिच्याभोवती फिरली.

"ही काय गो? छप्पर कुठाय हिचं?"

"आहे. मागे घडी करून ठेवलंय."

"जन्मभर आम्ही छपरासाठी मेलो. आणि तू पैसे मोजून बिनछपराची आणलीस."

यावर मी काय बोलणार.

तिला फिरायला नेलं. आत बसणं म्हणजे पाटावर बसण्यासारखंच, तेवढी ती सहज बसली. पदर डोक्यावरून घेऊन दातांत धरला आणि तोंडातून शब्द काढला नाही. शेजारून ट्रक गेला तेव्हा त्याचं चाक तिच्या डोक्यापेक्षा उंच होतं. तिने फक्त माझ्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला, मला तिसऱ्यातून चौथा टाकता येईना. उतरताना मात्र पंचाईत. गुडघे. मी आणि नवरा दोन्हीकडून धरून तिला उपसली तेव्हा ती हसत सुटली, थांबेना.

दुसऱ्या आठवड्यात पावसाचा अंदाज होता. सकाळी मी खराट्यातला हीर काढून ड्रेन साफ करत होते. आई खुर्ची टाकून बघत बसली होती. मी स्वयंपाकघरातून गडू भरून आणला, कोपऱ्यात ओतला, वाकून खाली बघितलं. धार पडली.

"पन्हळ आहे होय," आई म्हणाली.

मग ती उठली आणि, मला काही कळायच्या आत, दार उघडून आत जाऊन बसली. "छप्पर लाव बघू." मी लावलं. खटके बसवले, काचा वर केल्या. ऊन चांगलं चढलं होतं. आतून काही वेळ काहीच आवाज नाही. मग काच ठोठावली. मी दार फटीएवढं उघडलं.

"उजेड दिसतो गो. तीन ठिकाणी."

"कुठे?"

"तो हीर दे इकडे."

"हीर नको आई, कापड आहे ते, फाटेल. बोट लाव नुसतं."

दार लावून मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. घडीच्या रेषेजवळ, डाव्या बाजूला, काळ्या कापडाला आतून एक छोटा उंचवटा आला, थांबला, किंचित हलला.

"दिसला," मी ओरडले. "पुढचा."